अडतीस वर्षांची वर्गणी थांबवायची, तर आधी रॅपर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. केज तालुक्यातल्या एका गावात राहणारे आप्पा, निवृत्त माध्यमिक शिक्षक, वय ७९. १९८७ पासून एका मराठी मासिकाचे वर्गणीदार. गेली पाच वर्षं वर्गणी पुण्यात राहणारी मुलगी ऑनलाइन भरते. आप्पांच्या एका डोळ्याची नजर गेली, दुसऱ्याला भिंग लागतं. दिवाळीपासूनचे अंक न फोडता पलंगाखाली पडून आहेत, मधले दोन तर पोहोचलेच नाहीत. मुलगी विचारते: वर्गणी बंद करावी का? करायची तर कशी? आप्पांना सांगावं, की पुढचे पैसे न भरता गुपचूप सोडून द्यावं? आणि माळ्यावरच्या चारशेवर जुन्या अंकांचं काय करावं?

ताई, मी अंबाजोगाईच्या बाजूला एका सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल आहे. कोणतं नियतकालिक चालू ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं, हे माझं दर मार्चचं काम. घरगुती वर्गण्याही माझ्या हातून बऱ्याच बंद झाल्या आहेत, कारण मासिकाला पत्र लिहायचं म्हटलं की आमच्याकडची म्हातारी माणसं वाचनालयात येऊन बसतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं चुकलं की बाकी सगळं बिघडतं. गुपचूप बंद करू नका.

आमच्याकडे एक निवृत्त तलाठी यायचे, सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांचंही असंच जुनं मासिक होतं. मुलानं परस्पर बंद केलं आणि घरात सांगितलं, पोस्टात गोंधळ चालू आहे. पोस्टमनलाही तेच सांगायला लावलं. नाना महिन्याच्या दहा तारखेपासून ओट्यावर बसायचे. "अंक कामून येईना?" म्हणून पोस्टमनला विचारायचे, तो बिचारा मान खाली घालून पुढं जायचा. नाना पडले तलाठी, कागद कुठं अडला हे शोधल्याशिवाय गप्प बसणारे नव्हेत. दर महिन्याला पन्नास पैशांचं एक पोस्टकार्ड मासिकाच्या कचेरीत जायला लागलं: अमुक महिन्याचा अंक मिळाला नाही, कृपया पाठवावा. पाचव्या कार्डाला उत्तर आलं. ते घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "सर, हे वाचा बरं. मला दिसू लालंय ते बरोबर हाय का?"

कार्डावर लिहिलं होतं की आपल्या चिरंजीवांच्या विनंतीवरून वर्गणीचं नूतनीकरण केलेलं नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे नाना." ते थोडा वेळ कार्ड उलटंसुलटं करत बसले. मग म्हणाले, "मला इचारलं असतं तर मीच लिहिलं असतं की, बंद करा म्हणून. अक्षर माझं बरंय अजून."

मुलाचा हेतू वाईट नव्हता, पैसेही फार नव्हते. पण पाच महिने सगळं घर आपल्याशी खोटं बोललं, हे त्या माणसाच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, बंद करायचं ठरलंच तर पत्र आप्पांनी लिहायचं. तुम्ही फार तर पत्ता सांगा.

आता बंद करावं का, याकडे येतो. हा प्रश्न आप्पांना थेट विचारू नका. "आप्पा, तुम्ही आता वाचत नाही ना?" असं विचारलं की कोणताही मास्तर "वाचतो की" म्हणणार. त्यापेक्षा रॅपर बघा. रॅपर कोण फोडतं आणि अंक आल्यावर किती दिवसांनी फोडतं, यावरून मला नोंदवहीपेक्षा जास्त कळतं.

न फोडलेलं रॅपर म्हणजे रस संपला, असं मात्र लगेच धरू नका. इथं मी स्वतः एकदा फसलो आहे. एका बाईंचे सहा महिन्यांचे अंक तसेच पडलेले बघून मी घरच्यांना बंद करायचा सल्ला दिला. नंतर कळलं, मासिकानं कागदी पट्टी सोडून प्लॅस्टिकची पिशवी सुरू केली होती आणि संधिवाताच्या बोटांनी त्यांना ती फाटत नव्हती. दर वेळी सुनेला कात्री मागायची त्यांना लाज वाटायची. तेव्हा पुढच्या खेपेला गावी गेलात की पलंगाखालचा एकच अंक घ्या, कडेनं कापा, पिशवी फेकून द्या आणि उजेड पडेल अशा ठिकाणी भिंगाजवळ ठेवा. काही बोलू नका. आठ दिवसांनी फोनवर मासिकाचा विषय न काढता इकडचं तिकडचं बोला. अंकातलं काही आपणहून निघालं, अगदी "ह्या खेपेला शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत" एवढं जरी निघालं, तरी वर्गणी जिवंत आहे समजा. मग बंद करायचा विचार सोडा आणि शेजारचं दहावीचं पोरगं तासभर वाचून दाखवायला येतं का बघा. बहुतेकांना सगळा अंक नको असतो. संपादकीय, वाचकांची पत्रं आणि एखादा लेख, एवढ्यावर महिना भागतो.

काहीच निघालं नाही, तर मग दुसरी शक्यता. पुष्कळ जुने वर्गणीदार वाचण्यासाठी पैसे भरत नाहीत. आपण सोडलं तर मासिक बंद पडेल, या भीतीनं भरतात. ही भीती खुळी नाही, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं तेव्हा आप्पा ऐन पस्तिशीचे असतील. घराघरात येणारा 'चांदोबा' गेला, तो तर त्यांच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या मधल्या काळात गेला. आपल्याकडे बघा, गंगाधर पानतावणे सरांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' पन्नास वर्षं चालवलं, ते काय जाहिरातींच्या जोरावर? असली नियतकालिकं वर्गणीदार, लेखक आणि संपादकाची जिद्द यांच्यावरच चालतात. शिवाय मराठवाड्यातल्या ज्या घरांत निजामाच्या राज्याची आठवण आहे, तिथं टपालानं आलेल्या मराठी छापील कागदाला वेगळा मान आहे. पुण्या-मुंबईच्या कित्येक वृत्तपत्रांना हैदराबाद संस्थानात बंदी होती. आप्पा १९४८ च्या मुक्तीच्या वेळी पाळण्यात असतील, पण त्यांच्या वडिलांकडून त्यांनी हे ऐकलेलं असणार. अशा माणसाला "परवडत नाही का?" किंवा "वाचत नाही तर कशाला?" हे दोन्ही प्रश्न अपमानाचे वाटतात.

त्यांना ही निष्ठाच सोडवत नसेल, तर एक मार्ग मी बऱ्याच घरांत वापरला आहे. वर्गणी बंद करू नका, तिचा पत्ता बदला. ज्या शाळेत आप्पांनी शिकवलं त्या शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयाच्या नावानं अंक जाऊ द्या. मासिकाचा वर्गणीदार कायम राहतो, पलंगाखालचा ढीग थांबतो आणि वर्षाच्या मध्येच थांबायचं असेल तरी भरलेले पैसे वाया जात नाहीत. बहुतेक मासिकं उरलेल्या अंकांचे पैसे परत देत नाहीत. त्यांचा हिशोबच इतका तुटपुंजा असतो की त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. पण पत्ता बदलून देतात. फक्त शाळेत आधी विचारून घ्या. शिपायाच्या कपाटात रॅपरसकट अंक पडणार असतील तर आप्पांच्या पलंगाखाली पडलेले काय वाईट?

न आलेल्या दोन अंकांबद्दल थोडं. यात बहुधा मासिकाचा दोष नाही आणि पोस्टमनचाही नसेल. नोंदणीकृत नियतकालिकं टपालाच्या सवलतीच्या दरानं जातात. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या अंकाला वर्षानुवर्षं पंचवीस पैसे हा दर होता, यावरून कल्पना करा. त्यासाठी अंक ठरलेल्या पोस्टात, ठरलेल्या तारखांनाच टाकावे लागतात आणि ते साधं टपाल असतं. पोचपावती नाही, माग काढायचा नंबर नाही. वाटेत कुठं पडला तर कुणालाच सांगता येत नाही. महिनाभरात फोन केला तर मासिकवाले शिल्लक असलेला अंक परत पाठवतात, असा माझा अनुभव आहे. सहा महिन्यांनी केला तर शिल्लकच नसते.

बंद करायचंच ठरलं, तर कामं दोन. पहिलं तुमचं. तुम्ही पैसे ऑटोपेनं भरत असाल तर ते आधी रद्द करा, नाहीतर इकडे आप्पांचं पत्र जाईल आणि तिकडे तुमच्या खात्यातून पैसे कापले जातील. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. तो मेसेज आपण वाचत नाही ही गोष्ट वेगळी. यूपीआयचं ॲप उघडा, ऑटोपेच्या यादीत मासिकाचं नाव असेल तर तिथंच रद्द करता येतं. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपमध्ये बघा. दर वर्षी हातानं भरत असाल तर काहीच करायचं नाही.

दुसरं काम आप्पांचं, पत्र. अंकाच्या पत्त्याच्या चिठ्ठीवर वर्गणीदार क्रमांक असतो आणि बहुधा वर्गणी कोणत्या महिन्यात संपते तेही छापलेलं असतं. ती चिठ्ठी कापून पत्राला चिकटवा. मासिकाच्या कचेरीत एखाद-दुसरा माणूस सगळं बघत असतो, त्याला एका गावातली चार सारखी आडनावं शोधायला लावू नका. मजकूर चार ओळींचा पुरे: मी १९८७ पासून आपला वर्गणीदार आहे, दृष्टी कमी झाल्यानं अमुक महिन्यापासून अंक पाठवू नये, किंवा अमुक शाळेच्या पत्त्यावर पाठवावा. खाली सही. आप्पांना यापुढं काही लिहावंसं वाटलं, एखाद्या जुन्या लेखाबद्दल किंवा एखाद्या गेलेल्या लेखकाबद्दल, तर लिहू द्या. मी पाहिलेली अशी पत्रं दोन-दोन पानांची झाली आहेत. पत्राचा फोटो काढून मासिकाच्या व्हॉट्सॲपवर टाका म्हणजे काम लवकर होईल, पण मूळ पत्र पोस्टातच टाका. पत्त्यांच्या चिठ्ठ्या आधीच छापलेल्या असतात, म्हणून पत्र गेल्यावरही एक-दोन अंक जुन्या पत्त्यावर येतील. ते आप्पांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल पत्र पोहोचलंच नाही, आणि नानांसारखी कार्डं सुरू होतील.

जाता जाता आजीव वर्गणीचं सांगतो, कारण पुष्कळ जण विचारतात. आप्पांनी कधीकाळी ती भरलेली असेल तर पावती शोधा. आजीव म्हणजे कुणाच्या जिवापर्यंत, हे मासिकागणिक बदलतं. कुणी दहा वर्षं धरतं, कुणी पंधरा, कुणी खरोखर वर्गणीदार असेपर्यंत. मुलांना ती वारशानं मिळते असं मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

आता माळ्यावरचे अंक. इथं मी जरा जास्त वेळ घेणार, कारण पाचट जाळावं तसे अंक जाळलेले मी पाहिले आहेत आणि नको त्या रद्दीसाठी लोक माझ्याशी भांडलेही आहेत.

पहिली गोष्ट, वाचनालयाला सगळे अंक देऊन टाकावेत असं मनात असेल तर आधी विचारून या, टेंपो भरून आणू नका. दान नको म्हणणारा ग्रंथपाल दुष्ट नसतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आम्हाला अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्याप्रमाणे अनुदान. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांनी त्या वर्गात काही फरक पडत नाही, रॅक मात्र अडतात. पुण्या-मुंबईच्या प्रसिद्ध मासिकांचे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत असतातच. काहींचं तर संगणकावर चढवून झालं आहे. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक आता घरबसल्या वाचता येतात. ते कुणी आणून दिले तर मी पोरांना वाटून टाकतो.

संग्रहाला किंमत येते ती खाडा नसेल तर. १९८७ ते आजवर एकही अंक न चुकता असलेला संच विद्यापीठाच्या संशोधकाला हवा असतो. मधले तीस गायब असले की त्याचा उत्साह जातो. म्हणून एक वही घ्या, आप्पांना खुर्चीवर बसवा, तुम्ही खाली बसून वर्ष आणि महिना वाचा, ते हो-नाही म्हणतील. चारशे अंकांना दोन संध्याकाळी लागतात. दिवाळी अंक वेगळे काढा, जोडअंक कोणते ते लिहा, नाहीतर नसलेला खाडा दिसतो. ही यादी केल्याशिवाय कुणालाही फोन करू नका. यादी झाली की संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, इथल्या मराठी विभागात दाखवा. संशोधन करणारी पोरं तिथंच असतात.

माळ्यावर आणखी काही सापडेल, तिकडे माझं जास्त लक्ष आहे. शिक्षकांच्या माळ्यावर मुख्य मासिकाच्या गठ्ठ्यात मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चे अंक निघतात, 'अस्मितादर्श'चे निघतात, तालुक्याच्या गावी निघून तीन अंकांत बंद पडलेली अनियतकालिकं निघतात, शाळांची हस्तलिखितं, स्थानिक दिवाळी अंक. यांच्या प्रती सहसा कुठं मिळत नाहीत. मुख्य मासिक रद्दीत गेलं तरी चालेल, यातलं एक पान घालवू नका.

आप्पांच्या मासिकातलंही ठेवायचं ते ठेवा. त्यांचं नाव छापून आलेलं वाचकांचं पत्र असेल, ते त्यांना महिन्यानिशी पाठ असेल, विचारा. समासात पेन्सिलीनं लिहिलेले अंकही बाजूला काढा.

ठेवायचे ते आडवे ठेवा, उभे नकोत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट होऊन पानं चिकटतात. पिना गंजल्या असतील तर काढून दोरा घाला. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे ठेवले तर कसर कमी लागते. वाळवी मात्र या कशालाच भीत नाही, तिच्यासाठी पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर हवी. कागद पिवळा पडणार तो पडणारच. स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातलंच लिग्निन उजेडानं, हवेनं त्याला तपकिरी करतं. आमच्या अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे कापडावर लिहिलेला 'पंचीकरण' हा ग्रंथ चारशे वर्षं राहिला, आणि मी नव्वद साली घेतलेल्या मासिकाच्या घड्या आज हातात तुटतात. असो.

जुने अंक पोस्टानं कुणाला पाठवायचे झाले तर रजिस्टर्ड बुकपोस्ट आता नाही, ती १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. जड गठ्ठा असेल तर एसटीच्या पार्सलनं टाका, किंवा गावाकडून येणाऱ्या कुणाच्या गाडीत.

राहिलेलं रद्दीत द्या, त्यात काही पाप नाही. फक्त रद्दीवाला आप्पांच्या समोर तराजू लावून बसणार नाही असं बघा. गठ्ठे बांधून दुकानात नेऊन द्या. अडतीस वर्षांचं वजन किती भरलं आणि त्याचे किती रुपये आले, हा आकडा त्यांच्या कानावर जायचं काही कारण नाही.

आणि एक माझ्या स्वार्थाचं. यादी करताना १९९३ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या मार्चपर्यंतचे अंक हाताला लागले, तर ते आधी वेगळे ठेवा. ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला आणि १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार. त्या सहा महिन्यांत बाहेरच्या मासिकांनी मराठवाड्याबद्दल काय छापलं आणि काय छापलं नाही, याची एक फाईल मी बरीच वर्षं जमवतो आहे. तुमच्या मासिकाचे ते सहा अंक माझ्याकडे नाहीत. रद्दीत घालू नका. केज फार लांब नाही, मी येऊन घेऊन जाईन, त्या निमित्तानं आप्पांशी बोलणंही होईल.